सगळं जहाज कांबळे!

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखं असतं त्यांचं. एकीत दुसरी कोंबत जायचं, आणि एक दिवस कपाटाचं दार उघडलं की सगळ्या अंगावर! आमच्या भांडुपच्या बिल्डिंगचा चौथा मजला म्हणजे असंच कपाट. या टोकाला आम्ही सावंत, समोर कांबळे. गेल्या हिवाळ्यात दोन्ही घरं मिळून मुंबईहून क्रूझवर गेलो आणि दार उघडलंच म्हणा ना!

*

आधी कांबळेभावजी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

त्यांच्या दाराबाहेर बारा महिने पाण्याचा माठ असतो. कुरिअरवाला येवो, भंगारवाला येवो, आधी पाणी. "पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, वहिनी. आमच्या घरात हे शिकवावं लागत नाही," असं ते एकदा मला म्हणाले होते. हसून म्हणाले, पण मी पुढे काही विचारलं नाही. आणि मी विचारत नाही म्हणजे बघा!

घरात वायफाय आलं तेव्हा भावजींनी पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहून माठाच्या वरच चिकटवला. त्यांची मुलगी प्रज्ञा कंप्युटरवाली. ती डोकं धरून बसली. "बाबा, पासवर्ड असा लावतात का?"

"मग कुठे लावतात? खाली लावला तर वाकून वाचावा लागेल ना लोकांना!"

*

क्रूझची तिकिटं प्रज्ञानेच काढलेली, भावजी रिटायर झाले म्हणून. मी नुसतं "कुठे चाललात गं?" विचारलं, तर आमचीही निघाली. विचारण्याचे फायदे असतात.

पण निघायच्या आदल्या दिवशी पोरीचा चेहरा उतरलेला. मी पाठ सोडली नाही, तेव्हा बोलली. तिची कंपनी हैदराबादला चाललेली. इथे राहायचं तर दुसरी नोकरी पाहिजे. मुलुंडला एक मिळत होती, शेवटचा इंटरव्ह्यू राहिला होता आणि तो नेमका आम्ही समुद्रात असू त्या सकाळी, लॅपटॉपवर! बदलून मागितला तर म्हणे, नंतर जमणार नाही. तिने "घरीच आहे, नेट चांगलं आहे" असं सांगून टाकलं होतं.

"हैदराबादला गेले तर यांच्याकडे कोण बघणार, काकू? बाबांना यातलं काही बोलू नका. ट्रिप कॅन्सल करतील."

मी नाही बोलले. किती त्रास झाला असेल मला, विचार करा!

*

बंदरावर सामान मशीनमधून जात होतं. प्रज्ञाची लॅपटॉपची बॅग तिथेच अडली. लॅपटॉप आपटू नये म्हणून कांबळेवहिनींनी तो टॉवेलात गुंडाळला होता, आणि त्या टॉवेलाच्या घडीत सुकटाच्या चटणीची पुडी! जहाजावरचं जेवण मिळमिळीत असतं असं त्यांना कुणी सांगितलेलं.

सिक्युरिटीवाला वास घेत म्हणाला, "मॅडम, इस लॅपटॉप में क्या है?"

प्रज्ञा म्हणाली, "ऑफिस का काम है।"

"बहुत तीखा काम है!"

चटणी बंदरावरच राहिली. वहिनी पहिलं जेवण होईपर्यंत त्या माणसाबद्दल बोलत होत्या.

*

जहाज निघालं. संध्याकाळ झाली. समोर सूर्य काय सुंदर बुडत होता! नारळासारखा मोठा, लालभडक. आणि सगळी पब्लिक मागच्या कठड्याला, सूर्याकडे पाठ करून, मुंबईकडे हात लांब करून उभी. मला वाटलं, काय प्रेम आहे बाई शहरावर!

जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येकाच्या हातात मोबाईल. रेंजची शेवटची दांडी धरून ठेवत होते. आमचे हे तर कठड्यावर इतके वाकले की मी मागून शर्ट धरला.

"अहो, पडाल!"

"थांब गं, मॅचची शेवटची ओव्हर चाललीय!"

दांडी गेली. मॅचचं काय झालं ते कळलंच नाही. सूर्यही गेला.

*

समुद्रात नेट पाहिजे तर जहाजाचं वेगळं पॅक घ्यावं लागतं, आणि ते महाग. प्रज्ञाने एक घेतलं. काउंटरवरच्या मुलीने नीट समजावलं, "केबिनचा नंबर आणि आडनाव टाकायचं. पण एका वेळी एकच मोबाईल किंवा एकच लॅपटॉप. दुसरा आत आला की पहिला बाहेर." प्रज्ञाने मान डोलावली. भावजी शेजारीच उभे होते. त्यांनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

चहाच्या काउंटरवर कुणीतरी "नेट नाही यार, वाट लागली!" म्हणालं, आणि आमचा माठ उघडला. घाटकोपरचे एक आजोबा, बोरिवलीचं नवीन लग्न झालेलं जोडपं, फुलाफुलांची हाफ पँट घालून काखेत लॅपटॉप मारलेले एक साहेब. जो मागेल त्याला भावजींनी नंबर सांगितला. "आडनाव फक्त कांबळे टाका हं!"

सकाळी नाश्त्याला बघते तर सगळं जहाज कांबळे! शहा कांबळे, डिसोझा कांबळे. आमचे हे इडली खाताना हळूच म्हणाले, "मीपण रात्रीपासून कांबळे आहे." तिकडे एक आत आला की दुसरा बाहेर फेकला जायचा. जो तो मोबाईल हलवतोय, आणि कुणाला काही कळत नाही.

*

इंटरव्ह्यूच्या वेळी प्रज्ञा केबिनमध्ये बसली. मागच्या गोल खिडकीत समुद्र दिसू नये म्हणून माझी सोलापुरी चादर लावली. दाराला आतून कडी होती, तरी मी दाराशी बसले. न जाणो, कुणी आलं तर?

स्क्रीनवर साहेब आले. कडक इस्त्रीचा निळा शर्ट, मागचं सगळं धूसर. "गुड मॉर्निंग, मिस कां..." आणि गेले! परत आले तोवर प्रज्ञा गेली. ती आली की साहेब जायचे, साहेब आले की ती. जत्रेतल्या पाळण्यासारखं! एकदा आवाज आला, "सॉरी, आमच्याकडेही नेटवर्क इश्यू आहे. पंधरा मिनिटांनी ट्राय करू. लास्ट चान्स."

प्रज्ञा उठून थेट चहाच्या काउंटरवर. मी मागोमाग.

"बाबा, पॅक किती जणांना दिलंत?"

"ज्यांनी मागितलं त्यांना."

पोरीचे डोळे भरले. आता मात्र मी सांगून टाकलं. हैदराबाद, इंटरव्ह्यू, सगळं. भावजींनी हातातला कप खाली ठेवला. पोरीला एवढंच म्हणाले, "तू जा, बस जाऊन." आणि रिटायर झालेला तो शांत माणूस हॉलच्या मधोमध उभा राहून मोठ्याने म्हणाला, "कांबळे म्हणून जे कोणी आत असाल, त्यांनी बाहेर या! माझ्या मुलीचा इंटरव्ह्यू आहे!"

एकानेही कुरकुर केली नाही हो! घाटकोपरच्या आजोबांनी मोबाईल बंद करून टेबलावर पालथा घातला. मग सगळ्यांनीच पालथे घातले. लोक बिचारे एकमेकांशी बोलायला लागले. फक्त ते हाफ पँटवाले साहेब खाली केबिनकडे निघाले होते, ते भावजींना जिन्यात भेटले; मी तोवर पोरीकडे पळाले होते, हे मला मागाहून कळलं.

"अहो, माझीपण आत्ता मीटिंग आहे!"

भावजींनी हात जोडले. "तुम्हाला नाही म्हणायला मला कसंतरीच होतंय, साहेब. पण आज नाही."

साहेब स्वतःचं पॅक घ्यायला काउंटरकडे पळाले.

*

मग इंटरव्ह्यू झाला, झकास झाला. इंग्रजीत होता, त्यामुळे मला अर्धाच कळला, पण साहेब दोनदा "व्हेरी गुड" म्हणाले ते मी ऐकलं.

शेवटी शेवटी जहाजाचा भोंगा वाजला. प्रज्ञाने घाईने आपला माईक बंद केला. तरी तोच भोंगा लॅपटॉपमधूनही आला!

साहेब म्हणाले, "सॉरी, आमच्या ऑफिसबाहेर ट्रॅफिक फार असतं." आणि "कळवतो" म्हणून गेले. प्रज्ञा माझ्याकडे बघतेय, मी चादरीकडे.

दुपारच्या जेवणाला रांग लागली. पुढे भावजी, मागे प्रज्ञा, तिच्यामागे मी. भावजींच्या पुढचा माणूस वाकून डाळ वाढून घेत होता. वर कडक इस्त्रीचा निळा शर्ट, खाली फुलाफुलांची हाफ पँट.

भावजींनी त्यांच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. "काय साहेब, झाली का मीटिंग नीट?"

साहेब वळले. प्रज्ञा दिसली. डाळीचा डाव तसाच हातात.

"अगं प्रज्ञा, हे आपलेच," भावजी म्हणाले. "सकाळपर्यंत हेपण कांबळेच होते!"

साहेबांनी ताट हळूच खाली घेतलं, हाफ पँटच्या पुढ्यात धरलं आणि म्हणाले, "मिस कांबळे, जॉइन कधी होताय?"