पाण्यात तोललेला रुपया

सराफाने रुपया तोलला, कडेवरून नख फिरवलं.

“अकरा ग्रॅमसुद्धा नाही. साडेअकराच्या वर भरायला हवा. कडेला रेघा नाहीत, राणीला नाक नाही. खोटा दिसतोय. कापून बघू?”

“पूजेचा आहे,” शकू म्हणाली आणि तिने रुपया उचलला.

शेजारी तिची थोरली जाऊ मंदाकिनी उभी होती. हा राणीछाप रुपया घरात लक्ष्मीपूजनाला मांडत. तीस वर्षं तो मंदाकिनीकडे होता, गेली तीन वर्षं शकूकडे.

“माझ्याकडून खराच गेला होता,” रस्त्यावर आल्यावर मंदाकिनी म्हणाली. “अडचण होती तर सांगायचं होतंस. बदलायचा कशाला?”

शकूचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मदतनीस म्हणून तिने घर चालवलं. कुणापुढे हात पसरला नाही. आता चोर म्हणवून घेणार नव्हती.

“वहिनी, शनिवारी लॅबमध्ये या. सरांना मी विचारते. येताना तुमची चांदीची पळी आणा.”

“मला काय कळणार त्यातलं?”

“आकडे लिहिता येतात ना? मग झालं.”

शनिवारी शकूने आधी पळी तोलली. मग दोऱ्याला बांधून पाण्यात सोडली आणि पुन्हा तोलली. वजन दहाव्या हिश्शाने घटलं.

“चांदी पाण्यात इतकीच घटते. हलका धातू जास्त घटतो. लिहा.”

मग रुपया. बाहेर दहा पूर्णांक आठ दशांश ग्रॅम. पाण्यात त्याला एक बुडबुडा चिकटला. तो तिने काडीने काढला. तीनदा तोललं. तिन्ही वेळा दहावा हिस्साच घटला.

मंदाकिनी कागदाकडे बघत राहिली. “चांदीच आहे. मग वजन गेलं कुठे?”

“तुम्ही तो कशाने घासायचात?”

“रांगोळीने. दर शुक्रवारी. सासूबाईंची शिस्तच होती तशी. काय लख्ख निघायचा...” मंदाकिनी थांबली. तिने रुपया हातात घेतला. नाक नसलेल्या राणीवरून अंगठा फिरवला.

“शकू, मी घरात सगळ्यांना सांगून बसलेय गं.”

“मग सगळ्यांना सांगून या. आजच.” शकूने कागदाची घडी करून तिच्या हातात दिली. “हा दाखवा. अक्षर तुमचंच आहे.”