पंख्याच्या विमानानं विहिणीच्या घरी

आधी गुन्हा कबूल करते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. नऊ वर्षांपूर्वी, छप्पन्न वर्षांची पोरसवदा असताना, मी हिमाचलातल्या सैंज खोऱ्यात लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेले आणि तिथल्या अन्नाला तीन दिवस शिवले नाही. आमच्याकडे रीतच तशी. लेकीला मूल होईस्तोवर आईनं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये. मी साकोलीहून डबा भरून नेला होता. पोळ्या, जवसाची चटणी, मुरमुरे. पोळ्या दुसऱ्याच दिवशी चपलेच्या तळव्यासारख्या झाल्या. त्या चावत मी बसले, आणि विहीणबाईंनी माझ्यासाठी रांधलेलं झाकल्या जागीच राहिलं.

तेवढं एक वेळ चाललं असतं. पण तिसऱ्या दिवशी समोरच्या शेजारणीनं हाक मारली आणि मी तिच्या ओसरीवर बसून राजमा-भात चापला, वर दोनदा ताक मागून घेतलं. बंदी लेकीच्या घराची होती, शेजारणीच्या घराची थोडीच? माझ्या अकलेप्रमाणे मी अगदी रीतीत होते. मान वर केली तर समोरच्या गच्चीवर विहीणबाई लोकर वाळत घालताना थांबून माझ्याकडे बघत होत्या. शहाण्या बाईनं ताट बाजूला सारलं असतं. मी हात हलवला. भातानं भरलेला हात.

पुढे नात झाली, रीत संपली. पण विहीणबाई बारशाला साकोलीला आल्या नाहीत. फोनवर "सब ठीक?" "सब ठीक," एवढंच. मधे सापडली माझी लेक सुनंदा. ती तिथल्याच आरोग्य केंद्रात नर्स आहे. यंदा तिनं फोनवर साफ सांगितलं, "आई, तुमच्या दोघींच्या मधात मी पापडासारखी भाजून राहिली. ये, आन् तिच्या हातचं जेव. जेवाचं नसंन तं येऊच नको."

मे महिना होता. साकोलीत रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. उन्हाळी धान निघालं होतं, परे (धानाची रोपं) टाकायला अजून अवकाश होता. मागच्या वेळी दिल्लीहून बसनं गेले होते, रात्रभर ओकत. आता गुडघे नाही म्हणाले, म्हणून जावयानं विमानाचं तिकीट काढलं. नागपूर ते दिल्ली मोठं विमान, दिल्ली ते भुंतर लहान. बॅगेत आमच्या एकोडीच्या शेतातला चिन्नोर तांदूळ भरला, लाखोळीची डाळ भरली, आणि सगळ्यांत वर आंधळगावच्या विणकराकडून घेतलेली कोशाची (टसर रेशमाची) साडी ठेवली. माफी मागायची तर हातात काहीतरी असावं. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"यंदाबी डबा नेऊन राहिली का?"

"नाही."

"मंग मले तुही काळजी नाही. आता काळजी ईनबाईले."

दिल्लीच्या विमानतळावर पहाटे काउंटरवरच्या मुलीनं बॅग काट्यावर ठेवली आणि गोड आवाजात सांगितलं की भुंतरची धावपट्टी आखूड आहे, हवा गरम आहे, विमानाला वजन कमी घ्यावं लागतं. काही बॅगा उद्याच्या विमानानं येतील. माझी त्यात होती.

"मला ठेव, बॅग पाठव, तिच्यात विहिणीची साडी आहे," मी हिंदीत म्हटलं.

ती हसली. "आंटी, तुमचं तिकीट आहे. साडीचं नाही."

विमान बघून मात्र मी थबकले. पंख डोक्यावर, आणि दोन्ही पंखांना मोठाले पंखे. दार मागच्या बाजूला, चार-पाच पायऱ्यांचा जिना. एसटीत चढताना याहून जास्त उंच पाय टाकावा लागतो. पंखे सुरू झाले तेव्हा धानाच्या थ्रेशरला टेकून बसल्यासारखं अंग थरथरायला लागलं. शेजारी कुल्लूचा सफरचंदाचा व्यापारी होता, डोक्यावर तिकडची रंगीत पट्ट्याची टोपी. मी सीटचा हात धरला आहे असं मला वाटत होतं. तो त्याचा हात होता.

"पहली बार?" त्यानं विचारलं.

"पंखेवाले में पहली बार."

"बढ़िया है. नीचे उड़ता है, सब दिखता है."

खरंच दिसत होतं. पंख वर असल्यामुळे खिडकीत नुसती जमीन. आधी सपाट पिवळी रानं, मग सुरकुतलेले डोंगर, मग त्या सुरकुत्यांवर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं. आमच्या बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) कुणी उचलून जिन्यावर मांडल्यात, असं वाटलं. एवढ्याशा तुकड्यात बैल वळवायचा कसा, याच चिंतेत मी बराच वेळ होते.

मग ढग आले. विमान एका खोऱ्याच्या तोंडाशी आलं आणि गोल फिरू लागलं. एक फेरी, दुसरी फेरी. वैमानिकानं सांगितलं, ढग हलले नाहीत तर परत दिल्लीला जावं लागेल. लाजिरवाणी गोष्ट आहे, पण लिहिते. मला घटकाभर बरं वाटलं. परत गेलो तर माझा काय दोष? घरी बसून म्हणता येईल, मी निघाले होते हो, ढगच आडवे आले. छप्पन्न वर्षांची ती बाई माझ्या आत अजून पाय पसरून बसलेली होती.

पण ढगच फाटले. विमान खोऱ्यात शिरलं आणि दोन्ही खिडक्यांत डोंगर उभे राहिले. देवदाराची झाडं एवढी जवळ की शेंडे मोजावेत. खाली बियास नदी पांढरी फेसाळत होती, तिच्या काठाशी धावपट्टी. चाकं टेकली तेव्हा मी व्यापाऱ्याचा हात सोडला. त्यानं तो दोनदा झटकून पाहिला आणि म्हणाला, "सेब का सीज़न होता तो नुकसान हो जाता, माताजी."

सुनंदा घ्यायला आली होती. गाडीनं बियासच्या कडेनं, मग सैंज नदीच्या कडेनं वर. झाडांवर सफरचंदं होती, पण लिंबोळीएवढी, हिरवी. वाटेत तिनं मला फक्त एक विचारलं.

"भूक लागली ना?"

"पहाटेपासून चहाबी नाही घेतला. मुद्दाम."

घरापाशी विहीणबाई उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, कंबर तशीच ताठ. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हात जोडले आणि शांतपणे म्हणाल्या, "समधनजी, आपका खाना सामने रखवा दिया है. पड़ोसन के यहाँ. हमारे घर में आपको दिक्कत होती है न."

टोमणा असता तर मी परतवला असता. टोमणे मला येतात. पण त्या मनापासून बोलत होत्या. मला त्यांच्या घरी अवघडतं, असंच त्यांनी नऊ वर्षं धरून ठेवलं होतं आणि पाहुणीची आबाळ नको म्हणून व्यवस्था केली होती. समोर शेजारीण ताट घेऊन दारात उभी. सुनंदाचा चेहरा उतरलेला. साडी दिल्लीत.

मी चपला काढल्या आणि सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. चुलीवरच्या भांड्यातून वाफ येत होती. सिड्डू होते (आतून अक्रोड-खसखस भरलेली, वाफवलेली जाड भाकर). गुडघे कुरकुरले, तरी चुलीपाशी खाली बसले.

"समधनजी, मेरेकू भूख लगी," मी आमच्या नागपुरी हिंदीत म्हटलं.

"वहाँ सब तैयार है."

"वहाँ नहीं खाती. यहाँ खाती. उस टाइम मैं बेअक्कल थी. रीत रीत करती बैठी, और सामने जाके पेटभर जेवली. तुम्हारे मन का देखीच नहीं."

त्यांनी पाठमोरं होऊन भांड्यावरचं झाकण सारखं केलं. मग म्हणाल्या, "रीत तो सुनंदा ने समझा दी थी. रीत का बुरा नहीं लगा. आपने वहाँ बैठकर मुझे हाथ हिलाया था."

एवढी वर्षं मी रीतीवर बोट ठेवून बसले होते, आणि लागलं होतं ते दुसरंच. "हाँ," मी म्हटलं, "हिलाई थी. माफ करो."

त्यांनी ताट घेतलं. दोन सिड्डू ठेवले, मधून मोडले आणि वर तुपाची धार धरली. थांबवायला मी हात मधे आणला नाही. दोन खाल्ले, तिसरा मागितला. शेजारीण दारात ताटकळली होती, तीही ताट घेऊन आत आली आणि आमच्यात बसली. सुनंदा डोळे पुसत चुलीच्या धुराला नावं ठेवत होती. जेवण झालं आणि मला उठता येईना. मग दोघींनी काखेत हात घालून मला उभं केलं.

बॅग दुसऱ्या दिवशी आली. विहीणबाई स्वतः शाली विणतात. त्यांनी साडी अंगाला लावून पाहिलीच नाही, आधी काठ उलटा करून धागे तपासले.

"ये किनारा कितने दिन में बुना?"

मला माहीत नव्हतं. आंधळगाव आमच्याच जिल्ह्यात, आणि त्या विणकराला हे विचारावं असं मला कधी सुचलं नव्हतं.

आठ दिवसांनी परतले. येताना विमान रिकामं आणि आकाश स्वच्छ, हात धरायला कुणी नव्हतं. खिडकीतून खोरं लहान होत जाताना मला त्या छप्पन्न वर्षांच्या बाईची दया आली. रीत सांभाळणं तिला सोपं वाटलं, कारण त्यात समोरच्या माणसाकडे बघावं लागत नव्हतं.

साकोलीला पोचले त्या संध्याकाळी फोन वाजला. नऊ वर्षांत पहिल्यांदा विहीणबाईंनी स्वतःहून केलेला. मी "पोहोच गयी" म्हणण्याआधीच त्या बोलायला लागल्या. "समधनजी, पड़ोसन से मैंने कह दिया है. अगली बार आप आएँगी तो उसके यहाँ चाय पी लेना, नहीं तो उसको बुरा लगेगा. लेकिन बिस्कुट दे तो मत खाना."