तृप्तीचे केस कुठं गेले

वडीगोद्रीत हायवेला लागून पंक्चरचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत साधनाचं पार्लर. खाली टायरमधली हवा निघते, वर बायकांच्या पोटातल्या गोष्टी; आवाज दोन्हीकडं सारखाच. पाटी ही एवढी मोठी, ‘साधना ब्युटी पार्लर व शिवण क्लास’, आणि आत बघावं तर एक खुर्ची, एक आरसा, दोन शिलाई मशीन आणि गॅसवर कायम रटरटणारी लोखंडी कढई. कढईत खोबरेल, माका, जास्वंद, मेथी. तो वास इतका चिवट की तिचा नवरा राधेश्याम काळी-पिवळी जीप चालवायचा, तर मागचे प्रवासी विचारायचे, “काय भाऊ, गाडीत कोण मालिश करून राह्यलं?”

साधना धनगराची लेक. बापानं जन्मभर मेंढरं कातरली. त्यामुळं गावातल्या खोचक बायका खुर्चीत बसता बसता म्हणायच्या, “बापानं मेंढरं कातरली, आता लेक आमाला कातरती.” साधना कात्री न थांबवता म्हणायची, “मेंढरू गप तरी बसतं, मावशी. तुमी बसा की तसं.”

हे तोंड झालं वरचं. आतून बाई महाभित्री. पालीला भिते, मांजर आडवं गेलं तर चप्पल काढून पुन्हा घालते, आणि सगळ्यात जास्त भिते ती चार लोकांच्या कुजबुजीला. त्याला कारण आहे.

तिचं माहेर राजूरच्या पलीकडं एक वाडी. साधना तेव्हा फ्रॉकातली. गल्लीत दुर्गाबाई नावाची एकटी विधवा राहायची. शेजारचं लेकरू तापानं फणफणलं आणि कुणीतरी म्हणालं, दुर्गाबाईनं त्याचं जावळ उचलून नेलंय. झालं, भानामती करते म्हणून बोभाटा. तिला कुणी मारलं नाही की शिवी दिली नाही. फक्त गिरणीवाल्यानं तिचं दळण न दळता परत दिलं. मग किराणावाल्याचा माल एकाएकी संपला. हापशावर ती आली की बायका अर्ध्या भरलेल्या घागरी उचलून चालू लागायच्या. एके दिवशी दुर्गाबाई गाठोडं घेऊन एसटीत बसली. साधनाच्या आईनं दार लावून घेतलं, जाता जाता तिनं इकडं बघितलं तर? साधनानं फटीतून बघितलं. दुर्गाबाईनं एकदाही मान वळवली नाही.

म्हणून पार्लरात जुन्या बायका आपला गळालेला गुंता उचलून, त्यावर थू थू करून पदराला बांधायच्या, तेव्हा साधना त्यांना हसायची नाही. क्लासच्या पोरींना मात्र ठासून सांगायची, “केसात जादू न्हाई गं. केसाला लागतो रिठा, आवळा आन् पोटाला भाकर. करणी-बिरणी सगळं फालतू.” पोरी माना डोलवायच्या. डोलवता डोलवता आपले गळालेले केस गुपचूप ओढणीत घालायच्या.

ज्या पोरी केस तिथंच टाकून जात, त्यांच्या केसांचं साधना गंगावन, म्हणजे वेणीत गुंफायचा जोडकेसांचा झुपका, करायची. केस रिठ्यात धुवायचे, मुळाकडं मूळ आणि टोकाकडं टोक लावायचं, आणि काळ्या दोऱ्यानं आवळायचं. क्लासमध्ये हे कसब शिकून दोन पोरींनी माहेरी स्वतःचं काम सुरू केलं होतं. लग्नसराईत नायलॉनच्या चकचकीत वेण्या कुणालाच नको असायच्या, साधनाचं खऱ्या केसांचं गंगावन हवं असायचं. ते केस कुणाचे, हे नवरी विचारायची नाही. साधनाही सांगायची नाही. कुणाच्या डोक्यावरचं कुणाच्या डोक्यावर गेलं हे कळलं असतं, तर अर्ध्या तालुक्याच्या नवऱ्या मांडवातून उठून न्हायला पळाल्या असत्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला धर्मराज पाटलांची सून तृप्ती जिना चढून आली. बाळंत होऊन सहा महिने झालेले. जिन्यानंच तिला धाप लागली. केस कमरेपर्यंत, किंचित तांबूस, पण फणी लावली की मूठभर हातात.

“ताई, खांद्यापर्यंत कापा. वझं झालंय नुस्तं.”

“उषाकाकूंना इचारलं का?”

“पदराखाली कोण बघतंय? आन् कापलेले घरी देऊ नका हं. दिसले तर सासूबाई मला कापतील.”

साधनानं कापले आणि ठेवून घेतले. त्याच आठवड्यात परतूरला दिलेल्या आकांक्षाचं लग्न. तिला तांबूस केसांनाच मेळ खाणारं गंगावन हवं होतं. जुळलं की बराबर! साधनानं ते एका दुपारीत करून दिलं. नवरी मांडवात अशी दिसली की वऱ्हाडातल्या बायकांनी पार्लरचा पत्ता लिहून घेतला.

आणि तृप्ती अंथरुणाला खिळली. हात थरथरायचे, छाती धडधडायची, घास खाली उतरेना. एका सकाळी साधना कढई हलवत होती, तर जिन्यावर जड पावलं वाजली. तृप्तीची सासू उषाबाई दारात उभी. ही बाई पार्लरात कधी आलेली नव्हती. ती बसली नाही.

“सुनेचे केस तू कापले?”

“व्हय काकू, तिनंच…”

“भिवा देवऋषीला दाखवलं. तो म्हणला केस कुणाच्या तरी हाताला गेलेत. त्यांच्यावर करणी केलीय कुणीतरी. आवसेच्या आत केस परत पाह्यजेत.” उषाबाईनं खोलीभर नजर फिरवली, मशीनवर, आरशावर, कोपऱ्यातल्या टोपलीवर. “कुठंयत?”

‘परतूरला’ हा शब्द साधनाच्या ओठापर्यंत आला आणि तिला गिरणीवाल्याच्या हातातलं ते परत आलेलं दळण दिसलं.

“हायेत ना. जपून ठिवलेत. संध्याकाळी आणून देते.”

उषाबाई गेली. साधनानं दाराची कडी लावली आणि खुर्चीत बसली, जिथं गिऱ्हाईक बसतं तिथं. आरशात तिचाच चेहरा, पिठासारखा पांढरा. आता केस आणायचे कुठून? नवरीला फोन करून सांगायचं का, की बाई डोक्यावरचं काढून दे? शेवटी तिनं स्वतःचा अंबाडा सोडला, पाठीवर पडलेले केस मुठीत धरले आणि कात्री चालवली. कात्रीचा करकर आवाज त्या बंद खोलीत इतका मोठा वाटला की खाली पंक्चरवाल्यानं ऐकला असेल असं तिला वाटलं. तिचे केस काळेभोर. मग चहापत्ती आणि मेंदीच्या पाण्यात बुडवून ठेवले, पंख्याखाली वाळवले. उरलेल्या केसांवर एक जुनं गंगावन बांधून वर पदर घेतला. राधेश्याम जेवायला आला, समोर बसून दोन भाकरी खाऊन गेला, पण त्याला काही दिसलं नाही. नवऱ्याच्या जातीचा असा उपयोग कधी कधी होतो.

संध्याकाळी उषाबाईनं ती जुडी हातात घेतली. उजेडात धरली. मग नाकाजवळ नेली. साधनानं पदर आणखी पुढं ओढला.

“हा वास तिच्या केसाला नव्हता.”

“माझ्या तेलाचा हाय, काकू. पार्लरात ठिवल्यावर लागतोच.”

उषाबाईनं मान हलवली आणि जुडी काळ्या फडक्यात बांधली. “आवसेला भिवा जाळणार हाय. ज्यानं केलं त्याच्यावर उलटणार, म्हणला.”

आता बघा गंमत. जी बाई रोज पोरींना ‘सगळं फालतू’ म्हणून शिकवायची, तिला घरी जाताना पहिल्यांदा हे उमगलं की जळणार ते केस तिचे स्वतःचे आहेत. आणि केलंय कुणी, तर तिनंच. उलटलं तर दोन्ही बाजूंनी तिच्यावरच. अमावस्येला दिवस कलला तसं तिची टाळू चुरचुरायला लागली. तिनं कोरफड लावली. मेथी लावली. मग देवापुढं दिवा लावला आणि क्लासच्या पोरी बघतील म्हणून लगेच विझवला, आणि विझवला म्हणून आणखी घाबरली.

तिला काही झालं नाही. पण दोन-तीन दिवसांनी राधेश्याम गाडी दारात लावून म्हणाला, “पाटलाकडचं जालन्याचं भाडं गेलं. तृप्तीला दवाखान्यात न्यायचं म्हणून गाडी सांगितली व्हती. आता म्हणत्यात केस जाळलेत, उतार पडंल. पुनवेपर्यंत उंबरा वलांडू द्यायचा न्हाई, असं भिवानं सांगितलंय.”

“आन् ती कशीय?”

“डोळं वर करून पडलीय म्हणं. उतार कसला?”

साधनाच्या हातातला डबा तसाच राहिला. भिवानं जाळले ते तृप्तीचे केस नव्हतेच. पण त्यांच्या भरवशावर ती लोकं पोरीला घरात ठेवून बसली होती. गप्प बसलं तर तृप्ती जाईल. बोललं तर साधना, आज ना उद्या, गाठोडं घेऊन एसटीत. आणि एवढं बोलूनही पोर वाचली नाही तर? तिनं डबा खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

“आवो, गाडी काढा. पाटलाकडं.”

“भाडं कॅन्सल झालं म्हणतोय ना!”

“काढा जल्दी.”

पाटलांच्या अंगणात शेजारच्या दोघी-तिघी डाळ निवडत बसलेल्या. गोष्ट गावभर व्हायला तेवढ्या पुरे होत्या, आणि साधनाचं तोंड बंद करायलाही. ती उषाबाईपुढं उभी राहिली, पदर मागं टाकला आणि गंगावनाची गाठ सोडली. तोकडे, वेडेवाकडे कापलेले केस मानेवर आले.

“काकू, तुमी जाळले ते माझे व्हते.”

डाळ निवडणारे हात थांबले.

“काय म्हणतीस?”

“मी खोटं बोलले. भिले तुमाला. भिवानं जे काय केलं ते तृप्तीला लागूच न्हाई. तिला दवाखान्यात न्या, काकू. बिलकुल थांबू नका.”

उषाबाईचा चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला. “मंग तिचे कुठंयत?”

हाच प्रश्न येऊ नये म्हणून बाईनं एवढं सगळं केलं होतं. “परतूरला. एका नवरीच्या डोक्यावर. मी गंगावन करून दिल्तं.”

शेजारणींपैकी एकीनं ‘अगं बया’ म्हणून पदर तोंडाला लावला. आतल्या खोलीत दार अर्धवट उघडं होतं. तिथून तृप्तीचा खोल गेलेला आवाज आला, “म्हंजे मी हितं पडून, आन् माझे केस परतूरला नांदायला गेले?” आणि ती हसली. हसता हसता तिचा श्वास अडकला, घरघरायला लागला.

ती घरघर ऐकली आणि उषाबाईनं हातातलं सूप खाली टाकलं. “राधेश्याम, गाडी लाव.” मग साधनाचं मनगट धरलं. “तू बी बस. हिला काही झालं तर तू माझ्या म्होरं पाह्यजेस.”

जालन्यापर्यंत तृप्तीचं डोकं साधनाच्या मांडीवर होतं. समोर उषाबाई, मांडीवर नातू, आणि नजर साधनावरून हलत नव्हती. खड्डा आला की साधना तृप्तीच्या नाकापुढं बोट धरायची. बोटाला श्वास लागला की पुढच्या खड्ड्यापर्यंत जगायची.

दवाखान्यात बाटली लागली, रक्त चढवलं. डॉक्टरीणबाई चष्मा वर करून म्हणाल्या, अंगात रक्त फार कमी, थायरॉईडही बिघडलंय; बाळंतपणानंतर होतं कधी कधी. केस गळणं, धडधड, थरथर, त्याचंच. औषधानं उतरेल. “आज आणलंत ते बरं केलंत. अजून ठेवली असती तर मला काही सांगता आलं नसतं.”

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. धर्मराज पाटील लेकासोबत कापूस घेऊन बाहेरगावी गेलेले, पाटलांचा फोन आला. आवाज इतका मोठा की साधनाला सगळं ऐकू येत होतं.

“काय ऐकून राह्यलो मी? त्या पार्लरवालीनं केस कुठं इकलेबिकले म्हणं? गावात काय काय बोलून राह्यले लोक!”

उषाबाईनं साधनाकडं बघितलं. ती काय बोलेल त्यावर गिरणी, किराणा, हापसा, पाटी, सगळं टांगलेलं होतं. साधनानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

“लोकाला काय काम हाय?” उषाबाई म्हणाली. “साधना संगं हाय माझ्या. तिनंच दवाखान्यात आणायला लावलं. न्हाई तर मी बसले असते पुनवेची वाट बघत.” आणि फोन ठेवून दिला.

साधनाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती काही बोलणार, तेवढ्यात उषाबाई सरकून तिच्या शेजारी आली आणि आवाज बारीक केला.

“ती परतूरची पोर कशीय गं?”

“कोण, आकांक्षा?”

“आमच्या तृप्तीचं आजारपण केसातून तिच्याकडं गेलं असंल तर? लाव फोन. इचार.”

“काकू, असं काही नसतंय. डॉक्टरीणबाई आत्ताच…”

“मला ठावं हाय नसतंय. लाव.”

साधनानं फोन लावला. रिंग वाजत राहिली. दोघींची डोकी एका फोनला चिकटलेली. अखेर उचलला गेला, मागं भांड्यांचा आणि माणसांचा गलका.

“हां साधनाताई! लई भारी चाललंय! सासूबाई म्हणल्या, केस असावेत तर असे!”

“तब्येत बरी हाय ना गं?”

“एकदम मस्त. डोकं तेवढं जड जड वाटून राह्यलंय दोन दिवस.”

उषाबाईची बोटं साधनाच्या दंडात रुतली.

“गाठ घट्ट बसली असंल,” साधना म्हणाली, आणि तिचा स्वतःचा आवाज तिला परका वाटला. “सैल बांध गं. आन् झोपताना काढून ठेवत जा.”