जाम नदीतली फळी

आज पोळ्याचा दुसरा दिवस. बैलांची शिंगं रंगवलेले ब्रश मी रॉकेलात धूत होते. चौऱ्याऐंशी सालच्या गोटमारीलाही माझ्या हातांना हाच वास होता. गोटमार म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरच्या गावांनी एकमेकांवर दगड मारायचे, आणि नदीतलं झाड जे तोडेल ते गाव जिंकायचं.

दादा आमच्या पांढुर्ण्याच्या पोरांच्या फळीत होता. घरात औत हाकणारा तोच एक. नदीत रोवलेल्या पळसाच्या झाडापर्यंत ते तोडणाऱ्या कुऱ्हाडवाल्याला न्यायचं, तर त्याला मधे घेऊन, एकमेकांच्या कमरा धरून, माना खाली घालून रेटायचं. हात सोडला की भगदाड पडायचं. समोरून, सावरगावच्या काठावरून दगड येत होते.

"पोट्टे कसे रेटून राहिले, पाह्य!" आमच्या काठावर उभे शेजारचे काका खुशीत म्हणाले.

इतक्यात दादाशेजारचा घसरला. त्याला उचलायला दादानं हात काढला.

"दादा, हात नको सोडू!" मी ओरडले. दगड त्याच्या डोळ्यावरच बसला. फळी थांबली नाही, त्या दोघांना तुडवून पुढं गेली. झाड तुटलं, काठावर जल्लोष झाला.

"झाड गेलं चुलीत! माह्या पोराले कोनी उचला ना!" आई किंचाळत होती.

दादाचा डोळा गेला. हात सोडला म्हणून तेव्हा मला त्याचाच राग आला होता. आता त्या फळीचा येतो.

त्या गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीच बैल जुंपले आणि कपाशीत तण काढायचा डवरा धरला.