डेमो क्लासमधलं 'सुम्ने'

गेल्या शनिवारी मारतहळ्ळीत होतो. जायचं होतं के. आर. पुरमला, पण बस बदलायला उतरलो आणि पाय ओळखीच्या जिन्याकडे वळले... माझं नेहमीचंच.

वर दुसऱ्या मजल्यावर एक आयटीचा क्लास आहे. टेस्टिंग, क्लाउड, डेटा, सगळं शिकवतात. बोर्ड जुनाच, फक्त त्याच्या पुढे 'एआय' नवीन चिकटवलंय... ते पण तिरकं.

बीसीए अर्ध्यात सोडून बेंगळुरूला आलो तेव्हापासून या भागातल्या बऱ्याच क्लासचे डेमो मी केलेत. डेमो म्हणजे सुरुवातीला फुकट बसायचं, पटलं तर नाव घालायचं. मी अजून कुठेच नाव घातलेलं नाही.

या क्लासच्या काउन्सेलर म्हणजे प्रमिलाअक्का. घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे बोलणं निम्मं कन्नड. मला बघून म्हणाल्या, "आलास? बरं झालं. स्वल्प पुढं बस की रे, वर्ग रिकामा दिसतोय. कॉफी सांगते."

बसलो. एसी होता, कॉफी येणार होती... मला तेवढं पुरतं.

शेजारी एक मुलगी आणि तिचे वडील. निपाणीकडचे. मुलगी बीकॉम झालेली, पडद्यावर येईल त्या प्रत्येक स्लाइडचा फोटो काढत होती. वडील मांडीवर पिशवी धरून बसलेले, त्यांचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. ते माणसं बघत होते.

मी मराठी आहे कळल्यावर हळूच बोलायला लागले. "पोरगी म्हणतीय आयटीतच जायचं. म्हटलं, चल, बघू तरी. पटलं तर ठेवतो हितं. न्हाई तर स्थळ आलंय एक, बरं आहे."

मी हं हं करत होतो. खरं सांगायचं तर लक्ष दाराकडे होतं. कॉफीला इतका वेळ का लागतोय... इथे खालच्या दर्शिनीतली, म्हणजे उभ्याउभ्या खायच्या हॉटेलातली, कॉफी फार छान असते, त्यावर वेगळी पोस्ट होईल. असो.

"तुम्ही हितंच शिकताय नव्हं? लागतीय काय नोकरी?"

"छे हो काका. मी सुम्ने बसतो इथे."

बोलून गेलो. इथे राहून तोंडात बसलेला शब्द. सुम्ने म्हणजे उगाच, काही कारण नाही. कुठे निघालास? सुम्ने. काय चाललंय? सुम्ने. पुण्याचे कुणी काका असते तर त्यांना कळलंही नसतं. हे सीमाभागातले... त्यांना पूर्ण कळलं.

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वर्गातल्या बाकीच्या पोरांकडे. चिडले वगैरे नाहीत. पिशवी उचलली. "चल गं. दुपारची गाडी गावंल."

अक्का "सर, सर" करत दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "सुम्ने म्हणायला हीच जागा सापडली होय रे तुला?"

मुलीची पाण्याची बाटली बाकावरच राहिली होती. ती घेऊन मी खाली धावलो. वडील रस्त्यावर ऑटोला हात करत होते, ती जिन्यात उभी होती. मला वाटलं, थँक्यू म्हणेल. एका भंगार क्लासमधून वाचवलं होतं ना मी तिला...

बाटली घेत ती म्हणाली, "क्लास कसा आहे ते मला पण कळलं होतं, दादा. त्या सरांना माझ्या एका प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही."

"मग?"

"मग काय... आधी इथं राहिले असते. चांगलं काय ते इथं राहून शोधलं असतं. आता पप्पा परत नाही आणणार."

ऑटो थांबली. ती गेली. नावही विचारायचं राहिलं.

मला बरेच जण विचारतात, आयटीत जायचं तर डिग्री करावी की कोर्स... आणि मी लांबलचक उत्तरं देतो. मी डिग्री सोडली, नंतर एक डिप्लोमा सोडला. दर वेळी घरून एवढंच आलं, बरं, आता दुसरं काहीतरी बघ.

तिला एकच जिना चढायला मिळाला होता. आणि वर मी बसलो होतो... सुम्ने.