लाल लोंबी, काळी शाई

शहापूरच्या शिक्षकमित्राचं पत्र आलं. लिफाफ्याच्या कोपऱ्यात भाताची लोंबी उमटली होती. ती पाहिली आणि मी जायचं ठरवलं. आम्ही चौघे मित्र एकमेकांना रबरी शिक्क्यांनी सजवलेली पत्रं पाठवतो, शिक्के जमवतो, जमेल तसे कोरतोही. इतका सुबक दाणा आमच्यापैकी कोणालाच साधलेला नाही. ही लोंबी शेणव्याच्या काशीबाईंची, असं मित्रानं कळवलं होतं.

आसनगावला पॅसेंजरनं उतरावं. लढाईमुळे पेट्रोल नाही, म्हणून शहापूरची मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. चढ आला की उतारूंनी उतरून चालायचं. शहापुरात मित्राकडे तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी झाली. दुसऱ्या सकाळी आम्ही दोघे बैलगाडीनं शेणव्याला निघालो. गाडीत गवत भरपूर घालून घ्यावं, रस्त्यात दगडच फार.

काशीबाईंचे यजमान मुंबईत शिक्के करणाऱ्याकडे कामाला होते. ते गेल्यावर त्यांची हत्यारं घेऊन बाई माहेरी आल्या. मोटारीच्या जुन्या टायरचं रबर घासून सागाच्या ठोकळ्यावर चिकटवतात, त्यावर कोरतात आणि लग्नसराईत आसपासच्या गावांची कार्डं लाल रंगात सजवून देतात. त्यावरच त्यांचं पोट.

आम्ही पोचलो तेव्हा बाई पायात वहाणा घालत होत्या.

"मास्तर, माजं तोंडच काळं केलं वो कुनीतरी!" त्यांनी मित्रापुढे एक कार्ड धरलं. लोंबीच्या जागी काळा थर होता.

या भागात कोपऱ्याला काळं लावलेलं पत्र म्हणजे मरणाची खबर. ते उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. हे कार्ड सरळगावच्या एका मामाला गेलं होतं. वाचणारा शेजारी येईपर्यंत ते गोठ्याच्या कुडात खोचलेलं राहिलं. घरात रडारड झाली, सगळ्यांनी अंघोळी केल्या. मग कळलं, हे तर भाचीच्या लग्नाचं आमंत्रण! मामानं कार्ड परत धाडून निरोप दिला, काळ्या पत्राच्या लग्नाला मी येत नाय. नवरीला मांडवात मामानंच आणायचं असतं. लग्न चार दिवसांवर आलेलं, आणि मुलीकडचे काशीबाईंना बोल लावत होते.

"मी लालच लावलेली. उरलेलं कार्ड हाय माज्याकडं," बाई म्हणाल्या. ते मामाला दाखवायला त्या सरळगावला निघाल्या होत्या. आम्ही त्यांना गाडीत घेतलं.

वाटेत, जिथून ही कार्डं पुढे गेली त्या गावच्या टपालघरात थांबलो. कारकून चहा पीत होता.

"हे काळं कोणी फासलं?" मी विचारलं.

"मीच. पत्त्याच्या बाजूला चित्र चालत नाही."

"नियम दाखवा."

"नियम वरच्या कचेरीत."

"मग कार्डं परत का केली नाहीत?"

"पाठवणाऱ्याचं नाव मागच्या बाजूला. लोकांची पत्रं आम्ही वाचत नाही." उघड्या कार्डाबद्दल हे तो अभिमानानं सांगत होता!

काशीबाई पुढे झाल्या. "बाबा, तुज्या घरी असं कार्ड आलं तर तुजी आय आत घेल का?"

"माझ्या घरी तार येते," तो म्हणाला आणि त्यानं बशीतला उरलेला चहा ओठाला लावला. आयुष्यात पुष्कळ कचेऱ्या पाहिल्या, पण त्या चहाच्या घोटाइतका संताप मला कशाचाच आला नव्हता.

सरळगावला जाताना सिद्धगडाचा डोंगर छान दिसतो म्हणतात. आम्ही कोणीच मान वर केली नाही.

मामा अंगणात बसले होते. त्यांनी दोन्ही कार्डं उन्हात शेजारीशेजारी धरली, काळ्या थराच्या कडेला नखानं खरवडलं. खालून लाल दाणा दिसला.

"लालच हाय गो," ते काशीबाईंना म्हणाले. "तुजा दोष नाय. भाचीला मी आनतो मांडवात." मग जरा थांबून म्हणाले, "पन पुढल्या लग्नाला कार्ड कोरं असूदे. एकदा काळं लागलं ना."

शेजारच्यांनी माना हलवल्या. काशीबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि गाडीकडे चालू लागल्या.

घरी परतून मी टपालखात्याला पत्र लिहिलं. महिन्यानं उत्तर आलं. पत्ता नीट वाचता येत असेल तर कोपऱ्यातल्या चित्राला हरकत नाही, संबंधिताला ताकीद दिली आहे. मामाला आणि त्या गावांना हे कोणी कळवायचं, याबद्दल एक अक्षर नाही. मित्र लिहितो, त्या लग्नानंतर काशीबाईंकडे कोणी एकही कार्ड सजवायला आणलेलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर आपली कोरी कार्डं घेऊन शेणव्याला जा आणि त्यांच्याकडून लोंबी उमटवून घ्या. मग टपालघरात त्या कारकुनासमोर ती ठेवा, आणि शेवटचं कार्ड थैलीत पडेपर्यंत तिथून हलू नका.