लाभ, दोन, तीन

दवनीवाड्याचा आमचा इंद्रकुमार अना त्याची बायको भूमिका, दोघं मिळून बँड चालवत. लग्नातला बाजा नाई. गाणं सोताच लिवायचं, सोताच चाल लावायची अना मोबाईलवर टाकायचं. इंद्रकुमार गिटार वाजवे, भूमिका गाये, गोंदियाचा गुड्डू ड्रम वाजवे. भादव्यात ताप आला अना आठ दिवसात इंद्रकुमार गेला. बत्तीस वर्साचा होता.

त्याचे बाबूजी उदाराम. जलमभर धानात राबलेला माणूस. पोरगं जित्तं होतं तवा एक गाणं धड ऐकलं नाई. म्हणे, दंडार नाई, भजन नाई, मंग हे होय तरी काय? आता पोरगं गेल्यावर त्याले एकच लागून राहिलं, का आपलं पोरगं बायकोसंगं धानाच्या खोलीत बसून करे काय?

गुड्डू भेटाले आला का म्हातारा त्याले धरून इचारे. गाणं आधी कोण काढे? भांडण झालं त कोण माने? गुड्डूनं सांगितलं, भांडण त रोजचंच. वहिनी रुसली का दादा तिच्या रुसण्याचंच गाणं करे, मंग तिले हासू ये अना तेच ती गाये. एक गाणं त उदारामच्या सायकलचं होतं. टायर घासू नाई म्हणून म्हातारा तिच्यावर बसेच कमी, हातात धरून चाले जास्त.

"माह्यी सायकल लोकायनं कायले ऐकाव?"

"ऐकली न काका. चोरखमारा गावात लोकायनं दोनदा म्हणायले लावली."

दिवाळी झाल्यावर भूमिकानं गुड्डूले बोलावलं. एक डाव वाजवून पाहू म्हणाली, जमलं त बँड राहीन, नाई त सामान बांधून ठेवू. बसले धानाच्या खोलीत. पोत्यायच्या थप्प्या असल्या का आवाज घुमत नाई, म्हणून इंद्रकुमार अना ती तिथंच गात. उदाराम दाराशी टेकला.

भूमिका म्हणाली, एक, दोन, तीन, अना गाणं तिथंच अडलं. परत तेच. तिसऱ्यांदा बी तेच. उदारामले राहवलं नाई.

"बाई, एक काऊन म्हणतेस? पयल्या मापाले लाभ म्हणतेत."

धान मापताना असंच म्हणाव लागते. लाभ, मंग दोन, तीन.

गुड्डूनं ड्रमच्या काड्या खाली ठेवल्या. म्हणाला, "वहिनीले मालूम हाये काका. हरेक गाण्याआधी दादा लाभच म्हणे. तो शब्द त्याचा होता."

म्हाताऱ्याले आठवलं. पोरगं लहान होतं तवा खळ्यावर पोत्याचं तोंड धरून उभं राहे, बापाच्या मागून मापं म्हणे.

"लोकायपुढं बी म्हणे?"

"गोंदियात माईकवर म्हणे."

भूमिकानं डोळे पुसले. "मामाजी, माह्या तोंडून नाई निघत. तुमी म्हणा."

उदाराम सरसावून बसला. त्याले गाण्याची चाल काई मालूम नोती, मापं म्हणायची मालूम होती. "लाभ" म्हणाला, अना एक माप पोत्यात रिकामं व्हायले जेवढा वेळ लागते तेवढा थांबला. मंग "दोन". गुड्डू काड्या उचलून वाट पाहत राहिला. सायकलचं गाणं त्या दिवशी लय हळू निघालं, पण भूमिकानं ते शेवटपर्यंत म्हटलं.

म्हातारा उठला नाई. म्हणाला, "आता ते रुसण्याचं लावा."